तबकडीवरचे मैल

मीटरचा काटा आज नेमका शून्यावर टेकला होता.

सलीमाच्या हे लक्षात आलं तेव्हा गाडी अजून सुरूही झाली नव्हती. गेली वीस वर्षं फियाटचा हा काटा शून्याच्या किंचित खाली, तबकडीवरच्या बारीक खिळ्याला रेलून बसायचा. स्प्रिंग जुनी झाली की काटे असे रेलतात. आज मात्र तो खिळ्याला न शिवता रेघेच्या बरोबर मधोमध उभा होता. म्हणजे कुणीतरी मीटर उघडलं होतं, आणि या गाडीचं मीटर उघडणारा माणूस एकच होता. तो मागच्या सीटवर खिडकीपाशी बसून टोपी सारखी करत होता.

अब्बांनी रॅलीसाठी तेलपाणी केलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणून तिने पॅड मांडीवर घेतलं, पेन्सिलीचं टोक बघितलं आणि मागे वळून विचारलं, "सगळे बसले ना?"

सगळे म्हणजे पाच जण. चाकाशी हमीद, तिचा थोरला भाऊ. शेजारी रस्ता सांगायला ती. मागे अब्बा, अम्मी आणि त्या दोघांच्या मध्ये, मांडीवर जेवणाचे डबे घेऊन, हमीदची बायको अख्तरबानू.

"मी बसले आहे की नाही ते डब्यांना विचार," भाभी म्हणाली.

क्लबच्या माणसाने खिडकीतून पहिलं पाकीट आत टाकलं, झेंडी हलवली आणि फियाट स्वारगेटकडे निघाली.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारची ही खजिना-शोध रॅली म्हणजे शमशुद्दीन मीटरवाल्यांच्या घरातला तिसरा सण, असं अम्मी म्हणायची. दोन ईद आणि ही. पहिल्या वर्षी सलीमा चौदा वर्षांची होती आणि हीच जागा तिची होती. चाकावर तेव्हा अब्बा असायचे. पाकिटातल्या चिठ्ठीत कोडी असायची. अमुक अंतरावर वळा, तमुक झाडाचं पान आणा, देवळाच्या पायऱ्या मोजा. ज्याच्या वस्तू पुऱ्या आणि वेळ कमी, त्याला कप. तीन कप अजून दुकानाच्या फळीवर आहेत. एकात अब्बा स्क्रू ठेवतात.

भवानी पेठेतलं ते दुकान मोटारींच्या मीटरचं. देशात मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा निम्म्या पुण्याच्या गाड्या त्या बोळात रांगेने उभ्या राहत. मीटर काढायचं, आतली दातेरी चाकं बदलायची, स्प्रिंगला नवा ताण द्यायचा, शेवटी तबकडी बदलायची. बस, ट्रक, डॉक्टरांच्या गाड्या, कलेक्टरची जीप, सगळ्यांचे मैल अब्बांच्या टेबलावर किलोमीटर होऊन गेले. राहिली फक्त त्यांची स्वतःची फियाट. गिऱ्हाइकं हसायची, वैद्याच्या घरात खोकला म्हणायची. अब्बा सांगायचे, ही गाडी मैलांतच घरात आली, मैलांतच राहील.

त्यामुळे रॅलीत चिठ्ठी किलोमीटर बोलायची आणि मीटर मैल. आठाला पाच, सोळाला दहा, या हिशोबावर सलीमा मोठी झाली. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागली, तरी तिला पदार्थविज्ञान पहिल्यांदा शिकवलं ते या गाडीच्या पुढच्या सीटने. लग्न राहूनच गेलं. दुपारी कॉलेज सुटलं की ती दुकानात जायची आणि अब्बांच्या शेजारच्या स्टुलावर बसून बारीक कामं करायची. सात-आठ वर्षांत त्या बारीक कामांतली बहुतेक तिच्याकडे आली होती. खुर्ची अब्बांचीच होती.

त्या खुर्चीचं काय करायचं हे अब्बा तीन वर्षं सांगत नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, म्हणाले. मग रमजान जाऊ दे. मग हमीदच्या मुलीचं लग्न. हमीदची मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टची कचेरी होती, आणि त्याने दुकानाच्या गाळ्यासाठी एक टायरवाला आणला होता. तो माणूस उद्या सोमवारी उत्तर घ्यायला येणार होता. परवा जेवताना हमीदने पुन्हा विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, रॅली होऊ दे, जेवणाच्या वेळी सांगतो.

म्हणजे आज. आज दुपारी, शेवटच्या थांब्यावर. हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. आपल्याला ते दुकान हवं आहे, हे सलीमाने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मागून मिळालं तर ते मिळालं कसलं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. त्या तीन वर्षांत तिने सोलापूरच्या एका कॉलेजातली बढतीची जागा नाकारली होती. कारण विचारलं तेव्हा तिने हवेचं कारण सांगितलं.

कात्रजचा घाट चढताना हमीद खुशीत आला. बोगद्यातून पलीकडे उतरल्यावर त्याने पाय दाबला आणि काट्याकडे बोट केलं. "साठ. बावीस वर्षांची गाडी आणि साठ मैल. अब्बा, काय केलंत हिला?"

"काही नाही रे," अब्बा म्हणाले, पण आवाजात समाधान होतं. "साफसूफ."

सलीमाने काट्याकडे पाहिलं, मग शेजारच्या काचेकडे. तिच्या बाजूची काच पंचेचाळीसच्या पुढे खडखडायची. इतकी नेमाने खडखडायची की ती डोळे मिटून वेग सांगू शकत असे. आज काच गप्प होती. तीही बसवून घेतलेली दिसते, तिने ठरवलं, आणि पुढची चिठ्ठी उघडली.

शिवापूरला दर्ग्याच्या फाट्यावर पहिला थांबा होता. अम्मीने गाडीतूनच हात उघडून फातेहा म्हटला. क्लबचे वेळ टिपणारे दीनानाथ खुर्ची टाकून बसले होते. गेली पंधरा वर्षं तेच बसायचे, तोच मफलर लावून. त्यांनी घड्याळ बघितलं आणि अब्बांना म्हणाले, "मीटरवाले, वेळेवर आलात. तब्येत बरी आहे ना?"

"तुमची वही कोरी राहू नये म्हणून आलो," अब्बा म्हणाले.

चिठ्ठी सोपी होती. फाट्यापासून बारा किलोमीटरवर हमरस्ता सोडून डावीकडे वळा. तिथून चार किलोमीटरवर उजव्या हाताला विहीर. विहिरीवरच्या झाडाचं पान आणि झाडाला टांगलेल्या डब्यातलं पाकीट. सलीमाने मीटरचा आकडा मांडला. दशांशाचं चाक अब्बांनीच मागाहून बसवलेलं होतं, त्यामुळे आकडा बारीक मिळायचा. बाराचे साडेसात, चारचे अडीच. गाडी सुटली.

साडेसात भरत आले तसा हमीद कुरकुरला. डावा फाटा म्हणजे कापूरहोळचा असणार, आणि ते अजून पुढे आहे, त्याचे ट्रक रोज या रस्त्याने जातात.

"मीटर काय म्हणतं?" मागून अब्बांनी विचारलं.

"साडेसात झाले," सलीमा म्हणाली. डावीकडे खरंच एक बैलगाडीचा रस्ता फुटत होता.

"मग वळव."

हा त्या घरातला कायदा होता. डोळा फसतो, आठवण फसते, मीटर फसत नाही. अब्बांनी या एका वाक्यावर दुकान वाढवलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीतल्या माणसाने खिडकीबाहेर बघितलं असतं, पुढे गेलेल्या चाकांच्या खुणा शोधल्या असत्या. मीटरवाल्यांच्या गाडीत सगळ्यांनी आकड्याकडे बघितलं. हमीदने वळवली.

अडीच भरले तिथे विहीरही होती, उजव्या हाताला, आणि तिच्यावर वाकलेलं उंबराचं झाड. फक्त झाडाला डबा नव्हता. हमीद खाली उतरला, एक पान तोडलं, झाडाभोवती दोनदा फिरला, वर फांद्यांत बघितलं, विहिरीत डोकावला. ज्वारीच्या रानातून एक म्हातारी डोक्यावर पदर ओढत आली. तिचं नाव बायडाबाई, हे अम्मीने पाच मिनिटांत काढून घेतलं. तिचा एक मुलगा धायरीला दूध घालतो आणि दुसरा बोलत नाही, हेही.

"मोटारी? न्हाई बा," बायडाबाई म्हणाली. "सकाळपास्नं तुमचीच पयली. चुकला जणू तुमी. आता आलाच हाय तर हुरडा खाऊन जावा."

अम्मी हुरड्याला नाही म्हणणारी नव्हती. कणसं भाजेपर्यंत अब्बा विहिरीच्या काठावर बसले, रुमालाने तोंड पुसलं आणि सलीमाच्या पॅडवरचे आकडे मागून घेतले. पॅड चष्म्याच्या अगदी जवळ धरून ते ओठ हलवत राहिले. हमीद गाडीला टेकून उभा होता. सिगारेट पेटवायची होती, पण अब्बांसमोर पेटवता येत नव्हती, म्हणून चिडला होता.

"सरळ आहे," तो सलीमाला हळू म्हणाला. "तुझा हिशोब चुकला."

"असेल," ती म्हणाली. पण चुकला नव्हता. बाराचे साडेसात होतात, हे तिला झोपेत विचारलं तरी ती सांगेल.

"बायकांनी भागाकार करायचा आणि मी ट्रकवाल्यांच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांसमोर चुकायचं."

"तुम्ही चुकला नाहीत, वळलात," अख्तरबानू कणीस सोलत म्हणाली. "दोन्हींत फरक असतो." ती बोलली नवऱ्याच्या विरुद्ध, पण तिचा पक्ष कुठला, हे सलीमाला चांगलं माहीत होतं. बायकांनी ड्रायव्हर-क्लीनरच्या गर्दीत बसायचं हे भाभीला पटत नव्हतं. टायरवाल्याच्या बाजूने घरात पहिला शब्द तिने टाकला होता.

अब्बांनी पॅड परत दिलं. "बाराचे साडेसात. बरोबर आहे ना बेटा?" त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांच्या चेहऱ्यावर आपण चढून आलो तो जिना मागे नाहीसाच झाला, असं पाहणाऱ्या माणसाचा गोंधळ होता.

"बघते अब्बा," ती म्हणाली.

हमरस्त्याला परत लागेपर्यंत तिने आकडेमोड दोनदा तपासली. प्रयोगशाळेत मुलींची वाचनं बिघडली की ती त्यांना सांगायची, आकडेमोड नंतर तपासा, आधी साधन तपासा. मैलाचे दगड आता किलोमीटरचे होते, पिवळ्या डोक्याचे. पहिला दगड आला तेव्हा तिने दशांशाचं चाक बघून ठेवलं. दुसरा दगड आला. चाकाचा बरोबर एक फेरा झाला होता. तिसऱ्या दगडाला आणखी एक.

मैलाच्या मीटरवर एका किलोमीटरला सहा दशांश व्हायला हवेत. हे मीटर किलोमीटर मोजत होतं.

सगळं एकदम जाग्यावर बसलं. रेघेवरचा काटा, साठचा वेग, गप्प बसलेली काच. अब्बांनी चाकं बदलली होती, स्प्रिंगला नवा ताण दिला होता. तबकडी बदलायची राहिली होती, आणि हे सारं आपण केलं, हेच ते विसरले होते. शेकडो मीटरं अशी बदललेल्या माणसाच्या हातून हे झालं होतं. हात अजून पक्का होता. काट्याकडे बघितलं की कळत होतं. हाताच्या मागे जे काही असतं ते निसटायला लागलं होतं.

तिने आरशातून मागे बघितलं. अब्बा अजून बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सापडलं का?" हमीदने विचारलं.

"हो," सलीमा म्हणाली. "माझंच चुकलं, भाई. फाट्यावर सुरुवातीचा आकडा वाचताना घोटाळा झाला. अजून दोन किलोमीटर सरळ घ्या, मग डावीकडे."

आयुष्यात तिने चुकीचं वाचन कधी लिहिलं नव्हतं. आता तोंडाने सांगितलं. मागे अब्बांचा श्वास सुटलेला तिने ऐकला. हलका, सुटकेचा. आपला हिशोब बरोबर होता, पोरीने आकडा चुकीचा वाचला, एवढंच. जिना जागच्या जागी होता.

हमीद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "अब्बा, रागावू नका. पण आकडा वाचताना घोटाळा होतो तिला, आणि दुकान तिच्या हवाली करायचं तुमच्या मनात असेल, तर आज बघितलंत. मीटरच्या धंद्यात आकडाच वाचता आला नाही तर राहिलं काय?"

दुकानाचा शब्द गाडीत असा पहिल्यांदाच पडला. अम्मीने हुरड्याचे दाणे ओच्यात चाळवले. सलीमाला वाटलं, अब्बा काहीतरी म्हणतील; नेहमी म्हणतात तसं, अमुक होऊ दे, तमुक होऊ दे. अब्बा खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "हं."

त्या एका हुंकाराने तीन वर्षं संपली, असं तिला वाटलं. अजून एक वाक्य बोललं तर सगळं फिरलं असतं. मीटर अब्बांनी बदललं आणि विसरले, एवढंच ते वाक्य. तिने पॅडचा कोपरा सरळ केला.

दोन किलोमीटरला कापूरहोळ आलं, डावा फाटा आला. पुरंदराच्या पायथ्याच्या त्या रस्त्यावर ती आकडे सांगत होती. अजून तीन. अजून एक. उजवीकडे विहीर, थांबा. फियाट विहिरीच्या बरोबर समोर थांबली. करंजाचं झाड, फांदीला तुपाचा जुना डबा. हमीद पान तोडायला उतरला. मागून भाभी पुढे वाकली. तिच्या श्वासाला लवंगेचा वास होता.

"आता भागत नाहीस तू," ती सलीमाच्या कानाशी म्हणाली. "मघाशी कागदावर भागत होतीस. आता जे दिसतं तेच वाचतेस."

सलीमाने मागे न बघता हात नेला आणि भाभीचा हात दाबला. भाभीने एकदा अब्बांकडे पाहिलं. ते अम्मीला पुरंदरचा किल्ला दाखवत होते. फाळणीच्या आदल्या वर्षी एका साहेबाची मोटार तिथवर कशी नेली होती, ते सांगत होते. वर्ष, साहेबाचं नाव, मोटारीचा रंग, सगळं लख्ख आठवत होतं. भाभी सावकाश मागे टेकली. हमीद पान घेऊन आला आणि पुन्हा काही सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही रस्ता बघा. आकड्याचं तिचं ती बघेल. आता किती बरोबर थांबवलीत गाडी."

"मी थांबवली."

"तिने सांगितल्यावर."

पुढचा रस्ता नारायणपूर, सासवड आणि दिवे घाट. घाटाच्या माथ्यावर शेवटचं कोडं होतं. समोरच्या तलावाच्या बांधावर किती झाडं. अम्मीने ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी आली. सलीमाला त्या घाटात नेहमी पहिली रॅली आठवायची. अब्बांचे केस काळे होते, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. उतरताना त्यांनी इंजिन बंद केलं होतं आणि गाडी वाऱ्यासारखी खाली सोडली होती. अम्मी कलमा म्हणत होती, हमीद मागे उभा राहून ओरडत होता, आणि ती काट्याकडे बघत आकडे मोठ्याने वाचत होती. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस, आणि काच खडखडायला लागली. अब्बा म्हणाले होते, वाच, वाच, थांबू नकोस. खाली पोहोचल्यावर त्यांनी तिला सगळ्यांसमोर चहा दिला होता, मोठ्या माणसाला देतात तसा, बशीसकट.

आज हमीदने गाडी गिअरमध्ये उतरवली.

शेवटचा थांबा हडपसरच्या अलीकडे एका आमराईत होता. बाकीच्या गाड्या कधीच येऊन लागल्या होत्या. सतरंज्या पसरल्या होत्या, एका टोळक्याचं गाणं चाललं होतं. दीनानाथांनी घड्याळ काढून बघितलं, मग पुन्हा खिशात ठेवलं.

"या. पुढच्या वर्षीच्या रॅलीला लवकर आलात." त्यांनी दोन पानं हातात घेतली. "करंजाचं मागितलं होतं. हे उंबराचं कुठलं?"

"ते तुम्हाला भेट," अख्तरबानू म्हणाली.

जेवण नेहमीच्या झाडाखाली मांडलं. खिमा, चपात्या, उकडलेली अंडी, बायडाबाईच्या हुरड्याचा उरलेला पुडा. हमीदने दोन घास खाल्ले आणि मुद्द्यावर आला. तो वाईट माणूस नव्हता. दोन महिन्यांपूर्वी अब्बा दुकानाचं कुलूप लावायचं विसरून घरी आले होते, तेव्हा रात्रभर दुकानाच्या पायरीवर तोच बसला होता आणि सकाळी कुणाला बोलला नव्हता. तो शांतपणे सांगू लागला. टायरवाला उद्या दहाला येईल. गाळ्याचं भाडं घरात येईल, अब्बांना विश्रांती मिळेल, सलीमाचं कॉलेज आहेच. नाही म्हणायला काही कारण असेल तर आत्ता सांगा. त्याने बायकोकडे बघितलं. आजवर या ठिकाणी भाभी मान हलवायची.

अख्तरबानू अंडं सोलत होती. "मला विचाराल तर," ती म्हणाली, "टायर काय, कुठेही विकता येतात."

हमीदने चपाती खाली ठेवली. "हे कधीपासून?"

"करंजाच्या झाडापासून."

अब्बा हे ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. जेवण झालं होतं. त्यांनी सवयीने सुपारीच्या डबीसाठी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. डबी आली नाही. हात आत तसाच थांबला, मग बाहेर आला. हातात टिश्यू कागदात गुंडाळलेलं गोल, चपटं काहीतरी होतं. ते त्यांनी मांडीवर ठेवून उलगडलं.

फियाटची तबकडी होती. कोरी, काळी, पांढऱ्या आकड्यांची. आकडे एकशे चाळीसपर्यंत जात होते आणि खाली बारीक अक्षरांत कि.मी. होतं.

अब्बा त्या तबकडीकडे बराच वेळ बघत राहिले. गाणाऱ्या टोळक्याने टाळ्या वाजवल्या आणि पुढचं गाणं धरलं. अब्बांचा अंगठा आकड्यांवरून फिरत गेला, वीस, चाळीस, साठ, साठावर थांबला. सलीमाने पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत येताना तिला दिसत होती, आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

"शुक्रवारी," अब्बा म्हणाले. "चाकं शुक्रवारी बदलली. नमाजानंतर. तबकडी शनिवारी लावू म्हटलं, उजेडात." ते थांबले. "मागच्या साली तू म्हणालीस ना, चष्मा लागल्यापासून गाडीत भागाकार केला की डोकं दुखतं. म्हटलं, तेवढंच तुला सोपं."

हमीद आधी तबकडीकडे, मग झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिला. बाराचे साडेसात, साठचा वेग. तो रस्त्याचा माणूस होता, त्याला वेळ लागला नाही. त्याने सलीमाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. भाभीने त्याच्या ताटात अंडं ठेवलं.

"तुला कधी कळलं?" अब्बांनी सलीमाला विचारलं.

"तिसऱ्या दगडाला."

"कापूरहोळच्या अलीकडे?"

"हो."

"आणि म्हणालीस, तुझं चुकलं."

अम्मीने पदराने डोळे टिपले आणि हुरड्याचा पुडा बांधायला घेतला, जो आधीच बांधलेला होता.

"चांगलं नाही केलंस," अब्बा म्हणाले. आवाज दुकानातला होता. तिने एखादं चाक उलटं बसवलं की यायचा तो. "मीटरवाल्याने माणसाकडे बघून आकडा सांगायचा नसतो. पुन्हा करू नकोस."

"नाही करणार."

त्यांनी तबकडी पुन्हा कागदात गुंडाळली, कडा नीट दुमडल्या आणि ती तिच्या हातात दिली. तिचा हात धरून ठेवला. मग हमीदकडे वळले.

"हमीद, उद्या त्या टायरवाल्याला चहा पाज आणि परत पाठव. गाळा रिकामा होत नाही." हमीदने मान हलवली, आधी थोडी, मग पुरती. अब्बा पुन्हा सलीमाकडे वळले.

"ही तबकडी तू लाव," ते म्हणाले. "आणि उद्यापासून माझ्या खुर्चीवर तू बस. दुकान तुझं. मी स्टुलावर बसेन."